देवीच्या नावावर खपवलेला कौल

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. अनुभव सांगताना लोक आपण किती श्रद्धाळू होतो तिथून सुरुवात करतात. माझं तसं नव्हतं, आणि मी तोंडाची पहिल्यापासून फटकळ. गिरण्यांच्या संपाचं वर्ष होतं. माझी पहिली मुलगी सात महिन्यांची झाली तरी मान धरत नव्हती. उचलून घेतली की ओल्या फडक्यासारखी हातावर लोंबायची. माझ्या स्वतःच्या बोटांना मुंग्या यायच्या, ओठ बधिर व्हायचे, पोलक्याचे हूक लावताना हात थरथरायचे. गावदेवीपुढे रोज दिवा लावायचे आणि मनातल्या मनात तिला चार शब्द सुनवायचे. तुझी ओटी भरण्यात मी काय कमी केलं होतं, असं विचारायचे.

आमचं गाव मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांपलीकडे, खाडीला लागून. पहिलं बाळंतपण म्हणून मी आयकडे, म्हणजे माझ्या आईकडे आले होते आणि पोरीच्या तब्येतीमुळे तिथेच राहिले होते. आमच्या कोळ्यांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी, म्हणजे लहान शार्क मासा, खायला घालतात आणि अंगात ताकद यावी म्हणून निवटीचं कालवण देतात. निवटी म्हणजे बोटभर मासळी, खाडीच्या चिखलात बिळं करून राहते. आय स्वतः गुडघाभर चिखलात उतरून ती पकडून आणायची. बाकीची मासळी बाजारात जायची, पण निवटी तिने कधी विकली नाही. ती माझी. मी पोटुशी होते तेव्हापासून हेच चाललं होतं. "खा गो बाय, दूध उतरंल," म्हणत समोर बसायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही. पोर जास्त मलूल दिसली की दुसरी वाटी वाढायची.

त्याच सुमाराला शहरातल्या एका मोठ्या इस्पितळातून एक डॉक्टरीणबाई गावात येऊ लागली. मिठागरांच्या बांधावरून एकटीच चालत यायची. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत, त्यांच्या सांडपाण्यातून मासळीत पारा उतरत असावा अशी तिला शंका होती. ताप मोजायच्या काचेत असतो तोच पारा, एवढंच मला कळलं. तपासण्यासाठी तिला बायकांच्या मानेजवळची केसांची एकेक बट हवी होती. केस महिन्याला नखाएवढे वाढतात, आणि कोणत्या महिन्यात अंगात किती पारा होता हे त्यावरून कळतं, असं ती समजावून सांगायची. पण आमच्याकडे विंचरलेला गुंतासुद्धा कुणाच्या हाती लागू देत नाहीत. त्यावर थुंकून, मगच टाकतात. परक्या बाईच्या हातात कात्रीने कापलेले केस द्यायचे म्हणजे करणीला आमंत्रणच. एकीनेही दिले नाहीत. आय तर तिला अंगणातूनच परत पाठवायची.

डॉक्टरीणबाई तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने माझी पोर पाहिली. हातात घेतली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, आणि काहीच बोलली नाही. त्या न बोलण्यानेच मी घाबरले. त्याच दुपारी आय बाजारात होती. पोरीला शेजारणीकडे ठेवून मी गावदेवीच्या देवळात गेले आणि कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. केस देऊ का, एवढंच विचारलं. अर्धा तास झाला, तास झाला, एकही पाकळी हलेना. मी चिडले. म्हटलं, आई, इथे माझी पोर हातची चालली आहे आणि तू गंमत बघतेस?

डॉक्टरीणबाई मला शोधत तिथे आली. बहुधा शेजारणीने सांगितलं असावं. चपला काढून माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला तोंडावरच विचारलं, "माझ्या केसांवर तुम्ही काही केलंत तर?" तिला हसू आलं नाही की राग आला नाही. पिशवीतून कात्री काढून तिने स्वतःच्या मानेजवळची बट कापली, दोऱ्याने बांधली आणि माझ्या हातावर ठेवली. "आधी माझे केस तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "तुम्हाला किंवा बाळाला काही झालं, तर यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नसणार. पण माझी भीती तिने खरी मानली. मला तिथेच रडू फुटलं. ती बट मी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि तिच्यापुढे मान वाकवली. केस देऊन निघताना पाकळ्यांकडे पाहायचं राहूनच गेलं.

दीड महिन्याने ती उत्तर घेऊन आली. पारा होता. बऱ्याच महिन्यांपासून होता, पोर पोटात होती तेव्हाचाही. औषधापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खाडीची मासळी आणि मुशी पूर्ण बंद करायची, पोरीला अंगावर पाजत राहायचं आणि तिच्या हातापायांना रोज चोळून व्यायाम द्यायचा. किती सुधारेल ते सांगता येत नाही, हेही तिने लपवलं नाही. मी तिचे केस तिला परत केले. तिने ते पिशवीत टाकले.

आता प्रश्न आयचा होता. दूध यावं म्हणून जे घातलं त्यानेच नातीची ही दशा झाली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि डॉक्टरणीचं नाव काढलं असतं तर तिने दोन वाट्या जास्त वाढल्या असत्या. मी सरळ खोटं बोलले. म्हटलं, "आय, देवीनं कौल दिला. पोर चालंपर्यंत खाडीचं मावरं आनि मुशी खायाची नाय." आय देवळाच्या दिशेने हात जोडून म्हणाली, "मंग मी पन सोडते."

जिने जन्मभर खाडीच्या मासळीशिवाय घास गिळला नव्हता ती डाळभातावर आली. ती तेवढ्यावर थांबली नाही. पाणवठ्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, जी पोटुशी किंवा बाळंतीण दिसेल तिला तिने देवीची आज्ञा सांगितली. वर्षभरात गावातल्या बाळंतिणींची निवटी बंद झाली. डॉक्टरीणबाई चकित झाली. मी तिला खरं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

पोरीचं चोळणं आयने स्वतःकडे घेतलं. सकाळ-दुपार-संध्याकाळ कोमट तेल घेऊन बसायची, पाय दुमडायची, सोडायची, गाणी म्हणायची. पोरीने मान धरली, मग बसली, मग सरपटायला लागली. माझ्या बोटांच्या मुंग्याही हळूहळू गेल्या. अडीच वर्षांची असताना एका सकाळी पोर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत कुणाचाही हात न धरता चालली. आय ओरडतच घराबाहेर पळाली. दुपारी परतली ती चिखलाने माखलेली, आणि जेवायला बसले तर माझ्यापुढे निवटीचं कालवण. "नवस फिटला गो बाय. आता खा."

आता लपवून चालणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. कौल मला मिळालाच नव्हता, हेही सांगितलं. आय भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "म्हंजे पोरीला मीच घातलं?"

"तुना ठाव नव्हतं, आय. मना पन नव्हतं. खाडीत ते आपन नाय टाकलं."

तिने वाटी उचलली, परसात खड्डा करून कालवण पुरलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही. पण ती आत आली, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "देवीचं नाव घेतलंस ते बरं केलंस. तवाच कललं असतं, तर मी भीतीनं पोरीला परत हातसुद्धा लावला नसता."

आयच्या त्या हातांनीच पोरीला पायांवर उभं केलं होतं. देवीच्या नावावर एक खोटं खपवलं, एवढाच हिशेब मी इतके दिवस मनात धरून होते. आयचे हात त्यामुळे पोरीजवळ राहिले, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ते खोटं माझ्या जिभेवर कुणी ठेवलं, याचा वाद मी घालत नाही. माझी लेक अजून थोडी अडखळत चालते, शब्द जुळवायला वेळ घेते, आणि झालेलं सगळं भरून आलं असंही नाही. तरी मी कृतज्ञ आहे. मी मागितला होता नुसता होकार किंवा नकार. देवीने मला एक परकी बाई दिली, आणि माझ्या आयला तिची नात दिली.