विमलवहिनींच्या दुपारी

दादाचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या बाजारात, करावेगावच्या एका कोळणीसमोर उभा होतो. तिने कोळंबी तराजूत टाकली होती. दादा म्हणाला, "विमल गेली रे." एवढंच. पुढचं शेजारच्या कुणीतरी त्याच्या हातून फोन घेऊन सांगितलं. सकाळचा चहा करून, गॅस बंद करून वहिनी खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. कोळणीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कोळंबी पुन्हा टोपलीत ओतली.

त्याला आता काही आठवडे झाले. दहाव्याला, तेराव्याला आणि त्यानंतरही दादाच्या नेरूळच्या घरी माणसं येत राहिली. सोसायटीतल्या बायका, मार्केटमधले व्यापारी, साताऱ्याकडचे नातेवाईक... जो तो वहिनींची आठवण काढायचा, आणि फिरून फिरून सगळे एकाच मुद्द्यावर यायचे : बाई भारी भित्री होती. पालीला भ्यायची, लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही, दिवाळीत सुतळी बॉम्ब लागला की कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात पळायची. सगळं खरं होतं, आणि सांगणाऱ्यांच्या बोलण्यात मायाच होती. दादा ऐकून घ्यायचा. एकदा मात्र त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली. आम्हाला ठाऊक असलेलं त्या बैठकीत सांगण्यासारखं नव्हतं. आता दादाला विचारून लिहितो आहे.

दादाचा घाऊक मार्केटमध्ये कांदा-बटाट्याचा गाळा होता. तरुणपणी तो महिन्यातून पाच-सहा वेळा जुन्नर, नाशिककडे माल बघायला जायचा. जवळ रोकड असायची, म्हणून त्याने रीतसर लायसन्स काढून एक रिव्हॉल्वर घेतलं. जुनंच, परदेशी बनावटीचं, पॉइंट टू-टूचं. तळहातावर मावेल एवढं लहान, आखूड नळीचं, लाकडी मुठीचं. घेतलं हौसेनं, पण प्रवासात ते सोबत बाळगणं त्याला जड गेलं. लॉजवर उशाला घेऊन झोपलो तर डोळा लागत नाही, म्हणायचा. वर्षभरात ते कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं. कपाटाच्या किल्ल्या वहिनींकडे असायच्या. काडतुसांची डबी मात्र वेगळी, कुलपातली, आणि तिची किल्ली दादाच्या करदोट्याला. हाताळण्याच्या बाबतीत तो अतिशय शिस्तीचा होता. मला दाखवतानासुद्धा आधी काडतुसं बसतात ती चक्री बाहेर काढायचा, तिचं एकेक घर रिकामं असल्याची खात्री करायचा, नळी भिंतीकडे ठेवायचा. वहिनी त्या वेळी खोलीतून निघून जायच्या. "ते आत ठेवा आधी," एवढं दारातून म्हणायच्या.

सत्तरी ओलांडल्यावर दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला. लायसन्सचं नूतनीकरण आलं होतं, शिवाय दर निवडणुकीला ते पोलीस स्टेशनात जमा करा, मग सोडवून आणा... त्याला कंटाळा आला. विकून टाकू म्हणाला. ज्या दुकानातून घेतलं होतं तिथेच, मुंबईत फोर्टला, आम्ही दोघं माझ्या गाडीतून गेलो. ज्यांनी ते विकलं होतं ते म्हातारे गृहस्थ आता नव्हते. त्यांचा मुलगा गल्ल्यावर होता आणि तोही आता केस पिकलेला.

त्याने आधी लायसन्सवरचा नंबर आणि रिव्हॉल्वरवरचा नंबर जुळवला. मग चक्री उघडून घरं रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं आणि आम्हालाही दाखवलं. मागचा घोडा ओढून चक्री बोटांत धरून हलवली; जराशीच हलली, तेवढी चालते म्हणाला. नळीच्या मागे पांढरा कागद धरून आतले, गोळीला फिरकी देणारे पीळ पाहिले. ते अगदी स्वच्छ होते, कारण गोळी अशी त्यातून फारशी सुटलीच नव्हती. काळी झिलई मुठीजवळ थोडी गेली होती. त्याने बोलून दाखवलेला भाव ऐकून दादा खूश झाला. मग त्या माणसाने भिंग घेतलं आणि चक्रीच्या मागची बाजू दिव्याखाली धरली. बराच वेळ बघत राहिला.

"हे रिकामं कोण चालवायचं?" त्याने विचारलं.

कुणीच नाही, दादा म्हणाला. त्याने भिंग माझ्या हातात दिलं. मी शिरवण्याजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेलं, त्यामुळे पोलादावरचे ठोके मला वाचता येतात. या जातीच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणून घोड्याची पिन मधोमध न आपटता कडेवर आपटते. घरात काडतूस नसेल तर ती सरळ घराच्या पोलादी काठावरच बसते. एकदा-दोनदा बसली तर काही कळत नाही. इथे प्रत्येक घराच्या काठाला, एकाच जागी, खोल खळी पडली होती. हे काम वर्षानुवर्षांचं होतं. दुकानदार शांतपणे म्हणाला की आता काडतूस आत नीट बसायचं नाही, काठ सरळ करून घ्यावा लागेल, त्या मानाने भाव उतरेल. विकताना त्याच्या वडिलांनी दादाला ते काठ कोरे असल्याचं दाखवलं होतं आणि रिकामा चाप ओढू नका असं बजावलंही होतं. दादाला ते चांगलं आठवत होतं. त्याने रिव्हॉल्वर परत मागितलं. नंतर कळवतो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मानखुर्द मागे पडलं. खाडीपूल लागला तेव्हा दादा म्हणाला, "नितीनच्या दहावीचं वर्ष आठवतं तुला?"

मला आठवत होतं. नितीन त्याचा एकुलता एक मुलगा. त्या वर्षी तो सहामाहीत नापास झाला होता आणि दादा त्याला नको नको ते बोलला होता. पोरगा महिनोन्‌महिने खोलीचं दार लावून बसायचा, जेवायलासुद्धा बाहेर यायचा नाही. पुढे सगळं सुरळीत झालं, शिकला, पुण्याला नोकरीला लागला, पण बापलेकांत मोकळं बोलणं काही राहिलं नाही. दादाच्या मनात काय चाललंय ते मला कळलं : बंद दाराआड पोरगा ते रिव्हॉल्वर स्वतःवर रोखून बघत होता की काय. मी काहीतरी समजूत घातली.

घरी पोचलो तर वहिनी भाजी निवडत होत्या. दादाने पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच नितीनला फोन लावायला घेतला. बोट थरथरत होतं, नंबर लागेना. वहिनींनी काय झालं म्हणून मला विचारलं. मी सांगितलं... पिन, काठ, खळ्या, आणि दादाला नितीनची शंका आली आहे हेही. त्यांनी हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"त्याला फोन करू नका," त्या दादाला म्हणाल्या. "ते मी केलंय."

मग वहिनींनी जे सांगितलं ते पदराशी चाळा करत, खाली बघत, पण न अडखळता सांगितलं. ते दोघं नेरूळला आले तेव्हा त्यांच्या बिल्डिंगमध्ये तीन-चारच बिऱ्हाडं होती. समोर दलदल, रस्त्याला माणूस नाही. अशाच एका दुपारी दादा जुन्नरला गेलेला असताना दोन माणसं आली. शेठना अपघात झालाय, दार उघडा, पैसे घेऊन आमच्याबरोबर चला, असं सांगू लागली. वहिनींनी साखळी लावून फटीतून पाहिलं. त्यातल्या एकाने दादाचं नाव चुकीचं घेतलं. त्यांनी दार लोटून घेतलं तशा बाहेरून लाथा बसू लागल्या. शाळेला सुट्टी होती, लहानगा नितीन आत झोपलेला होता. वहिनींनी कपाटातून रिव्हॉल्वर काढलं आणि दारासमोर उभ्या राहिल्या. ते रिकामं आहे हे त्यांना माहीत होतं. हात इतका कापत होता की लाकडी मुठीवर बांगड्या वाजत होत्या. वरच्या मजल्यावर काम करणारे गवंडी आवाज ऐकून खाली आले, तेव्हा ती माणसं पळाली.

"मला का नाही सांगितलंस?" दादाने विचारलं.

"तुम्ही मला गावाला धाडलं असतं," वहिनी म्हणाल्या. "आणि मला गावाला जायाचं नव्हतं. नितीनची शाळा इथं होती. माझं घर इथं होतं."

ते खरंच होतं. दादाने त्याच आठवड्यात दोघांना गावी नेऊन सोडलं असतं आणि त्यात आपण काही चुकतोय असं त्याला वाटलंही नसतं. मलाही वाटलं नसतं. तेव्हा वहिनींनी त्यावर आपला उपाय काढला. रोज दुपारी, नितीन शाळेत गेला की, त्या रिव्हॉल्वर काढायच्या. दादा मला दाखवायचा ते त्यांनी दारातून पाहून ठेवलं होतं. आधी चक्री उघडायची, घरं रिकामी आहेत ना बघायचं, मग बंद दारावर रोखून चाप ओढायचा. टक्‌. पुन्हा. पुन्हा. "मला कुणाला मारायचं नव्हतं, भाऊजी," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "हात कापायचा थांबायला पाहिजे होता." तो थांबायला बरेच महिने लागले. त्यानंतरही ती सवय सुटली नाही. बिल्डिंग भरली, वॉचमन आला, नितीन मोठा झाला, तरी दुपार झाली की जीव दाराकडे लागायचा. रिकाम्यानेही ते बिघडतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याबद्दल मात्र त्यांना मनापासून वाईट वाटलं. "तुमची वस्तू खराब केली मी," म्हणाल्या.

दादा गॅलरीत गेला. तो रडला असेल तर मी पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने आत आला, रिव्हॉल्वर उघडून रिकामं असल्याचं पाहिलं आणि मूठ वहिनींपुढे केली. "कशी धरायचीस ते दाखव." वहिनी संकोचल्या, मग उठल्या. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते दाराकडे रोखलं, चापावर बोट न ठेवता. साडीतली ती ठेंगणी बाई आणि तिचे ते सरळ हात... नळीचं टोक जराही हललं नाही. दादाने स्वतःच्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं आणि तो हसला. त्या दिवशी घरातला ताण सुटला तो तिथे. नितीनला फोन मग दादानेच केला, पण नुसतं कसा आहेस विचारायला. फोन बराच वेळ चालला.

रिव्हॉल्वर आम्ही विकलं. काठ सरळ करून घेऊया, भाव बरा येईल, असं मी सुचवलं होतं. दादा म्हणाला, आहे तसंच देऊ. दुकानदाराने कारण विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. ती एक वस्तू इतकी वर्षं दादाच्या समजुतीत त्याच्या धैर्याची होती. तिचा खरा वापर दुसऱ्याच माणसाने केला होता, आणि तोही एकदासुद्धा काडतूस न घालता. हे पचवायला दादाला वेळ लागला. पण त्याने ते पचवलं, हे मी जवळून पाहिलं आहे.

पुढे एकदा मी वहिनींना म्हटलं, एवढी वर्षं रिकामं चालवलंत, एकदा खरं चालवून बघायचं का? माझ्या ओळखीचे एक प्रशिक्षक शूटिंग रेंजवर नवख्यांना शिकवायचे. वहिनी नाही नाही म्हणत आल्या. त्यांना भीती होती ती आवाजाची. रोज दुपारी चाप ओढताना आपण डोळे मिटायचो, तो आवाज कसा असेल या कल्पनेनेच अंग शहारायचं, असं गाडीत सांगत होत्या. प्रशिक्षकांनी कानांवर आवाज अडवणारे जाड बंद चढवले, तिथलंच पॉइंट टू-टूचं पिस्तूल हातात दिलं, शेजारी उभे राहिले. वहिनींनी नेम धरला आणि चाप ओढला. गोळी कागदाच्या कोपऱ्यात लागली. त्यांनी पिस्तूल सांगितल्याप्रमाणे खाली ठेवलं, एका कानावरचा बंद सरकवला, आणि तेवढ्यात पलीकडच्या माणसाची गोळी सुटली ती त्यांनी उघड्या कानाने ऐकली. प्रशिक्षक घाईने पुढे आले. वहिनी मात्र तिथेच उभ्या, आश्चर्याने आमच्याकडे बघत.

"एवढाच आवाज?" त्या म्हणाल्या.

पुन्हा कधी त्या रेंजवर आल्या नाहीत. गरज नाही म्हणाल्या. त्यानंतर त्या दुपारी झोपायला लागल्या. नेरूळला राहायला आल्यापासून त्यांना दुपारी आडवं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता जेवण आवरलं की हॉलमधल्या दिवाणावर, दाराकडे पाठ करून, गाढ झोपायच्या. अगदी घोरायच्यासुद्धा. दादाला त्या झोपेचं भारी अप्रूप. टीव्ही बंद करायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आणि कुणी येणार असलं की बेल वाजण्याआधीच दार उघडता यावं म्हणून दाराजवळ खुर्ची टाकून बसायचा. दोन-तीन वर्षं त्यांना तशी झोप मिळाली.

गेल्या रविवारी मी दुपारीच गेलो. जिन्यात माझी चाहूल लागली असावी. बेलकडे हात नेला तोच दार उघडलं. आत दादा खुर्चीतून उठून उभा होता आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं. मीही सवयीने चपला आवाज न करता काढल्या. मग आम्ही दोघांनी एकदमच रिकाम्या दिवाणाकडे पाहिलं. दादाचा हात हळूहळू खाली आला. "ये," तो म्हणाला, तरीही हळू आवाजातच, आणि आम्ही आतल्या खोलीत जाऊन बसलो.