सव्वाचा ओव्हरटाइम

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी कापडाच्या घड्या घालतो. पगार तासावर, तासाला साठ रुपये. आठ तासांच्या वर काम गेलं की ओव्हरटाइम. लागलो तेव्हा मॅनेजरनं आम्हाला विचारलं होतं, वरच्या तासांना किती पट लावू? घडीखात्यात सगळे खानदेशी. आमच्याकडे कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात, त्यामुळे शुभ आकडा म्हणजे सव्वा. आम्ही एका सुरात सव्वा म्हणालो. मॅनेजरनं इतक्या पटकन मान डोलावली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट आम्ही त्याला देवमाणूस ठरवून चहा पाजला.

या श्रावणात आईला कानबाई आमच्या नवागामच्या खोलीत बसवायची होती. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या कानबाईपुढे गाणी म्हणत आली. पण भाऊबंदांना जेवू घालायचं म्हणजे माझा ओव्हरटाइम धरूनही पैसे पुरेनात. आई म्हणाली, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तिचा चेहरा मला बघवेना.

बायको भेस्तानला शिलाईच्या कारखान्यात जाते. माझा हिशेब ऐकून ती पोट धरून हसली. म्हणाली, कायद्यानं वरच्या तासाला दुप्पट, आम्हाला तेच मिळतं. साठाचे पंच्याहत्तर नाही, एकशेवीस. चार तास जादा केले तर तीनशे नव्हे, चारशेऐंशी, म्हणजे अख्ख्या दिवसाचा पगार. मला आधी तिच्या हसण्याचा राग आला, मग मॅनेजरचा, मग त्या चहाचा.

दुसऱ्या दिवशी सगळं घडीखातं घेऊन मी मॅनेजरपुढे उभा राहिलो. तो शांतपणे म्हणाला, "सवा तो तुम लोगों ने ही माँगा था."

"वो देवी का हिसाब है, साहब. आपका डबल बनता है."

त्यानं बरीच कुरकुर केली, मागचं विसरा म्हणाला. ते आम्ही अजून विसरलेलो नाही. पण त्या महिन्याचा ओव्हरटाइम दुपटीनं हातात पडला आणि कानबाईचं नक्की झालं.

आईनं रोटांचे गहू मोजायला घेतले. माझी सव्वा मूठ, पोराची सव्वा मूठ. बायकांच्या नावानं मोजायची आमच्यात रीत नाही. तरी आईनं पुन्हा हात घातला आणि दोन भरगच्च मुठी सुपात टाकल्या.

"हाई सूनना नावनं," ती म्हणाली. "डबल."