पहिल्या दिवसाची घरं

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही छाती काढून सांगतो, तेव्हा तर विचारूच नका. यवतमाळहून इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि घाटंजीजवळच्या आमच्या गावी परतलो. तेव्हा वस्तीत विहार बांधणं चाललं होतं. भिंती झाल्या होत्या, छप्पर यायचं होतं. दीक्षेला दहा वर्षं होत आली होती. विहाराच्या दारात एक दगडी पाटी बसवायची असं ठरलं. नागपूरहून दीक्षा घेऊन माणसं परत आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरांनी आपले देव नदीत सोडले, त्यांची नावं त्या पाटीवर कोरायची. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माझे वडील विहार समितीचे अध्यक्ष, आणि मी इतिहासाचा पदवीधर. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

कॉलेजात इतिहासाचे सर सांगायचे, की सांगणारा तेव्हा कुठं उभा होता ते आधी विचारा, आणि आज ते सांगून त्याला काय मिळतं ते नंतर विचारा. मी नवी वही घेतली. पहिल्या ओळीत वडलांचं नाव घातलं. आमचं घर पहिलं, हे मी लहानपणापासून नाही तरी मॅट्रिकपासून ऐकत होतो. त्या दिवशी मी गावात नव्हतो, यवतमाळला बोर्डिंगात होतो. पण हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. नाव लिहिलं आणि शेजारच्या घरी गेलो.

आठ दिवसांत माझी झोप उडाली. वस्तीत तीस-पस्तीस घरं, आणि सगळीच पहिल्या दिवसाची. दोन म्हातारे एकाच बाजेवर बसून सांगत होते. एक म्हणाला, "नदीले असा पूर होता का पाणी छातीले लागे."

दुसरा म्हणाला, "छातीले? घोट्याइतकं पाणी होतं, बाप्पा. तुयी छाती घोट्यात हाये काय?"

"तू होता कुठं पण? तू तर सासरवाडीले गेलता!"

"सासरवाडी नदीच्या पल्याडच होती ना. तिथूनच पाह्यलं तुले, काठावर बसून बिडी ओढून राह्यला होता."

मी दोघांचंही लिहून घेतलं आणि घरी येऊन डोकं धरून बसलो. कुणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. दहा वर्षांत प्रत्येकाचं पाणी आपापल्या इच्छेइतकं चढलं होतं. शेवटी मी एक नियम केला. ज्या घराला दुसऱ्या घरानं नदीवर पाहिलं, तेच यादीत ठेवायचं. आणि पाहणाऱ्याचं त्या घराशी भांडण असेल तर आणखी चांगलं. आमच्या वस्तीत भांडणांना तोटा नव्हता, त्यामुळे काम भराभर पुढं सरकलं.

अडलं ते एका विधवा मावशीपाशी. टोकाच्या झोपडीत ती एकटी राहायची. नवरा दीक्षेच्या आधीच वारलेला, मूलबाळ नाही. ती म्हणाली, "मी गेलती. एकटी गेलती."

"कुणी पाहिलं, मावशी?"

"तुया मायले विचार."

समितीतले लोक हसले. एक जण म्हणाला, "तिच्या घरात माणूस नाई, तिचे देव कोण सोडते?" मी वहीत तिच्या नावापुढं प्रश्नचिन्ह काढलं. मायला विचारलं नाही. मायला काय विचारायचं, असं मला वाटलं. बी.ए. झालो होतो ना!

यादी पाटी कोरणाऱ्याकडे पाठवायच्या आधी मी ओसरीवर बसून ती मोठ्यानं वाचत होतो. माय ज्वारी पाखडत होती. मावशीचं नाव गाळलंय हे तिच्या ध्यानात आलं.

"तिचं नाव काहून नाई?"

"ती गेल्याचं कुणी पाहिलं नाही."

"वा! माया नव्या टोपल्यात देव घालून गेलती ना ते. बुरडाकून आणलेलं टोपलं, एक दिवस वापरलं नव्हतं. देवायसंगं टोपलंही सोडून आली. दहा वर्षं झाली, अजून वापस नाई केलं."

माझ्या नियमात याहून चांगली साक्ष बसली नसती. मी खुशीत पेन्सिल उचलली आणि विचारलं, "तू तवा नदीवरच होती ना, माय?"

"मी कुठून? मी दारातून टोपलं देल्लं, अन् दारातूनच तिले रिकाम्या हातानं येतानी पाह्यलं. पोरीपासून हलता येत होतं काय?"

"आणि आपले देव?"

सूप थांबलं. ती उठून आत गेली.

वडील विहाराच्या नव्या भिंतीला पाणी मारत होते. मी जाऊन सरळ विचारलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"तुले याच्यासाठी कॉलेजात धाडलं काय?"

"याच्यासाठीच तर धाडलं, बा."

ओल्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला. मग म्हणाले, "तुया बहिणीच्या अंगावर देवी निघाल्या होत्या. तापानं फणफणे. मातामाय तिच्या उशाशी मांडेल होती. मी नागपूरहून आलतो, मनातून कधीच सोडलं होतं. पण ते उशाचं उचलाले हातच जाये ना. उचललं असतं अन् पोरगी गेली असती, तर तुयी माय मले काय म्हणती?"

"मग कधी सोडले?"

"पोरगी बसती झाली तवा. बाजाराचा दिवस पाहून. वस्ती घाटंजीले गेलती."

"मग हे सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू? ज्यायनं त्याच दिवशी सोडले त्यायले?"

बहीण जगली होती. चेहऱ्यावरच्या वणांसकट ती रोज माझ्यासमोर वावरत होती, आणि तिला देवी नेमक्या कधी आल्या होत्या, हे इतिहासाच्या पदवीधरानं कधी विचारलं नव्हतं. बाकी सगळ्या घरांना मी दोन-दोन प्रश्न विचारले. माझ्या घराला एकही नाही.

तीन दिवस मी दोन याद्या घेऊन फिरत होतो, एक वडलांच्या नावाची, एक बिननावाची. वडील माझ्याशी बोलत नव्हते. नाव काढावं असं वाटे. मग वाटे, हे मी खऱ्यासाठी करतोय, की पोरगा बापालाही सोडत नाही असं लोकांनी म्हणावं म्हणून? त्याचा उलगडा मला तेव्हा झाला नाही. आताही नीटसा झालेला नाही.

चौथ्या दिवशी मी बिननावाची यादी समितीपुढं ठेवली. अध्यक्षांची सही लागणार होती. वडील रात्रशाळेत वाचायला शिकले होते. ओळीवर बोट ठेवून ते एकेक नाव वाचत गेले. आपलं नाव नाही हे त्यांना पहिल्या ओळीतच कळलं, पण बोट थांबलं नाही. ते थांबलं शेवटच्या ओळीवर. तिथं मी मावशीच्या नवऱ्याचं नाव लिहिलं होतं, आणि पुढं 'यांची विधवा'.

"हे काय लिहिलं?"

"घर त्यांचं, म्हणून..."

"तो तवा मेलेला होता. नदीवर गेलती कोण?"

मी ओळ खोडली आणि मावशीचं स्वतःचं नाव लिहिलं. वडलांनी ते पुन्हा बोट ठेवून वाचलं. मग माझ्याच पेननं खाली सही केली, आणि कागद माझ्याकडे न देता शेजारच्या माणसाकडे सरकवला.