ब्रोन्याच्या लग्नातली दुलई

टेओफिल श्वेद आणि ब्रोन्या मोसिन्स्की एका दुलईत झोपतात, ही कुजबुज मिलवॉकीच्या दक्षिण भागात, लिंकन अ‍ॅव्हेन्यूवरच्या बेकरीत, पहिल्यांदा उठली ती चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात. गरम पावांबरोबर ती दाराबाहेर पडली आणि पाव निवायच्या आत चर्चच्या पायऱ्या चढून वर गेली. टेओफिल सत्तरीचा गवंडी, जन्माचा ब्रह्मचारी. ब्रोन्या पासष्टीची विधवा, नवरा लेओन गेल्यापासून काळ्या कपड्यांत. आणि दुलई म्हणजे काही दुकानातलं ब्लँकेट नव्हे. ब्रोन्याच्या लग्नातली ती, हंसाच्या पिसांची. तिच्या आईनं पोलंडमधल्या खेड्यात हिवाळ्याच्या संध्याकाळी शेजारणी जमवून एकेक पीस देठापासून सोललं होतं. आता पिसं सोलताना बायका काय जपमाळ ओढतात? गावातल्या सगळ्या लफड्यांची उजळणी झाली असणार. त्या दुलईत निम्मी पिसं होती आणि निम्म्या चुगल्या. कधी ना कधी ती उसवणारच होती.

साक्षीदार होती समोरच्या घरातली गेनोवेफा. तिच्या खिडकीला लेसचा पडदा होता आणि पडद्याला डोळ्याएवढं भोक. ते कसरीनं पाडलं, असं ती सांगायची. मोठी हुशार कसर, नेमकी गेनोवेफाच्या उंचीवर पोचलेली. त्या भोकातून दिसलं ते असं: तिन्हीसांजेला टेओफिल येतो. ब्रोन्या दुलई कवटाळून बाहेर येते. दोघं घराशेजारच्या अरुंद बोळात शिरतात आणि फळ्यांचं दार ओढून घेतात. मग त्या दारातून टेओफिल काही बाहेर पडत नाही. सकाळी मात्र त्याच दारातून निघतो, आणि टोपीवर पिसं!

पण गोष्ट खरी सुरू झाली ऑक्टोबरात, आणि तीही एका विटेच्या तुकड्यानं.

ब्रोन्याचा मुलगा रायमुंड शहराबाहेर नव्या वस्तीत राहायचा. एका रविवारी तो आईकडे जेवायला आला, मोटार लावून बोळातून मागच्या दाराकडे निघाला, आणि बशीएवढा विटेचा पापुद्रा त्याच्या खांद्यावर पडला. त्यानं वर पाहिलं. उत्तरेकडची सगळी भिंत देवी आल्यासारखी झाली होती. मिलवॉकीची ती जुनी फिकट पिवळी वीट, लोण्यासारख्या रंगाची आणि जवळजवळ तितकीच मऊ. निम्म्या विटांची तोंडं उडाली होती. विटांमधला कठीण राखाडी माल तेवढा दातांसारखा पुढं आला होता.

"आई, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी पुन्हा येतो," तो सूप पिता पिता म्हणाला. "तोवर भिंत धड झाली तर झाली. नाहीतर घर विकायचं आणि तू आमच्याकडे यायचं. यंदाचा हिवाळा मी तुला या भिंतीखाली काढू देणार नाही."

मुलगा वाईट नव्हता, म्हणून तर पंचाईत होती. वाईट असता तर ब्रोन्यानं त्याला लाटणं दाखवलं असतं. त्याच्या वस्तीत ती एकदा राहून आली होती. तिथं चर्चला मोटारीतून जायचं, पावाला मोटारीतून जायचं, आणि शेजारी इतके सभ्य की भांडायचेसुद्धा नाहीत. "तिथं माणूस मेल्याचं कुत्र्यालाही कळायचं नाही," ती म्हणायची.

रायमुंडची मोटार वळली आणि ब्रोन्यानं डोक्याला रुमाल बांधला. लेओनचा जुना दोस्त टेओफिल, त्याचं घर मागच्या गल्लीतून दोन मिनिटांवर. त्यानं दार उघडलं तेव्हा तो मोजे रफू करत होता.

"भावजी, माझ्या भिंतीचा खून झालाय," ती म्हणाली. "आणि खुनी मोजे शिवत बसलाय."

ती भिंत टेओफिलला पाठ होती. वीस वर्षांपूर्वी, सिमेंट म्हणजे जणू अमृत असं सगळे समजत होते त्या दिवसांत, त्यानंच लेओनच्या सांगण्यावरून जुना चुन्याचा माल खरवडून विटांमधल्या दरजांत कडक सिमेंट भरलं होतं. तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. टेओफिल छाती काढून म्हणाला होता, "ही भिंत आता कयामतीपर्यंत हलायची नाही." झालं ते असं, की पाणी पूर्वी चुन्यातून झिरपून बाहेर पडायचं, त्याची वाट बुजली. ते विटेतच मुक्काम करू लागलं, थंडीत गोठलं, फुगलं, आणि विटेचं तोंड घेऊनच बाहेर पडलं. हे टेओफिलला पाचसहा हिवाळ्यांनंतर समजलं होतं. तेव्हापासून तो ब्रोन्याच्या घरी नेहमी पुढच्या दारानं जायचा, बोळातून कधीच नाही.

"लेओननंच सांगितलं होतं सिमेंट घाल म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"लेओन कसाई होता. त्याला सॉसेज कळायचं. गवंडी कोण होतं?"

टेओफिलनं सुई ठेवली. "उद्या येतो, वहिनी."

दुसऱ्या दिवशी फळ्यांची परांची उभी राहिली आणि छिन्नी सुरू झाली. स्वतः भरलेलं सिमेंट स्वतः काढायचं, यासारखी शिक्षा नाही. जोरानं मारलं तर वीट फुटते, हळू मारलं तर सिमेंट हसतं. टेओफिलनं ते काम इतकं चोख केलं होतं की आता त्याला स्वतःचाच राग येत होता. ज्या विटांची तोंडं गेली होती त्या तो अलगद बाहेर काढायचा, फिरवायचा, आणि ऐंशी वर्षं घराकडे तोंड करून बसलेली कोरी बाजू बाहेर आणून पुन्हा बसवायचा.

ब्रोन्या खाली उभी राहून बघायची. "माणसाचं असं करता आलं असतं तर लेओनला मी कधीच उलटा करून बसवला असता."

"पलीकडूनही तसाच निघाला असता," टेओफिल वरून म्हणाला.

मागच्या दाराच्या काँक्रीटच्या पायऱ्याही खवले निघालेल्या माशासारख्या झाल्या होत्या. टेओफिलनं वाकून त्यांच्यावर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. "वहिनी, बर्फ वितळायला मीठ टाकतात, मान्य. तुम्ही तर पायऱ्यांचं लोणचं घातलंय."

"मग पाय घसरून मरू का मी?"

"राख टाका. मराल, पण पायऱ्या राहतील."

हसता हसता दिवस गेले आणि संत मार्टिनचा दिवस आला. अकरा नोव्हेंबर. आमच्या लोकांत संत मार्टिन पांढऱ्या घोड्यावरून येतो असं म्हणतात, म्हणजे बर्फ घेऊन. टेओफिलचा नियम चर्चच्या साऱ्या पॅरिशला माहीत होता: मार्टिननंतर थापीला हात नाही. ओला माल गोठला की संपला. दिसायला धड दिसतो, पण अंगठा दाबला की साखरेसारखा भुरभुरतो. त्या दिवशी भिंत निम्मी झाली होती. वरचा भाग नवा, खालचा नुसता उकरलेला. रेडिओवर उत्तरेकडून थंडीची लाट येत असल्याचं सांगत होते.

टेओफिल परांचीवरून उतरला. "वहिनी, मी आता भरलं तर रायमुंडच्या अंगठ्याखाली तुमचं घर जाईल. वसंतात करू."

"वसंतात मी इथं असेन का?"

टेओफिल थापी पुसू लागला.

"तुमचा संत घोड्यावरून येतो," ब्रोन्या म्हणाली. "माझा मुलगा मोटार घेऊन येतो. संत मला डिकीत घालून नेत नाही. काय लागेल ते सांगा."

टेओफिलनं टोपी मागं सारली. चुन्याचा माल, त्यात चवीपुरतं सिमेंट. पाणी कोमट करून, वाळू शेकून. भिंतीच्या पलीकडे ब्रोन्याचं स्वयंपाकघर, तिथली शेगडी दिवसभर पेटती राहिली तर थोडी ऊब विटांतून येईल. पण ती धरून ठेवायला बाहेरून पांघरूण हवं. "गोणपाट पुरायचं नाही. काहीतरी जाड हवं. लोकर नाहीतर..."

ब्रोन्या आत गेली होती. बाहेर आली ती दुलई घेऊन.

"ही नाही," टेओफिल म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "ही तुमच्या लग्नातली."

"लग्नातला नवरा गेला, दुलई राहिली. घ्या, हात दुखतात माझे."

मग रोज तेच. दिवसा दरजा भरायच्या. अंधार पडता पडता भिंतीला आधी गोणपाट, मग मेणकापड, त्यावर दुलई आणि सगळ्यावर ताडपत्री. दोघं दोन टोकं धरायची. वारा शिरू नये म्हणून बोळाचं दार लावायचं. टेओफिल मागच्या गल्लीतून घरी जायचा, कारण ती वाट जवळची. सकाळी यायचाही मागूनच, दुलई काढायचा, आणि पाव आणायला मात्र बोळाच्या दारानं बाहेर पडायचा. एकदा दुलई परांचीच्या खिळ्याला अडकून फाटली, तेव्हापासून पिसं.

शेगडी पेटती ठेवायची म्हणून ब्रोन्यानं भाजायला सुरुवात केली. खसखशीचे केक, कोबीचं सारण भरलेले पिएरोगी, बरगड्या. वास रस्त्यापलीकडे जायचा. "एकट्या बाईला इतकं?" गेनोवेफानं बेकरीत सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं. तेवढ्यात टेओफिल पाव घ्यायला आत आला. ती पुढं झाली, त्याच्या कॉलरवरचं एक पीस दोन बोटांत धरून वर केलं.

"मिस्त्री, हंस पाळलेत का?"

टेओफिल खोटं बोलणारा माणूस नव्हता. "दुलईचं आहे. ब्रोन्यावहिनींच्या. भिंतीवर घालतो रात्री, गारठू नये म्हणून."

बेकरीतल्या सगळ्या एकदम हसल्या.

"भिंतीवर!" गेनोवेफा डोळे पुसत म्हणाली. "आणि भिंतीला उशी दिली की नाही?"

"देवाशप्पथ, भिंतीवर."

"देवाला मधे घेऊ नका, त्यालाही दुलईत जागा लागेल."

टेओफिल पाव न घेताच परतला आणि ब्रोन्याला सगळं सांगितलं. त्याला वाटलं ती भडकेल. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. गोळा उलटा करत म्हणाली, "गेनोवेफानं केस कुठं करून घेतले? छान दिसत होते गेल्या रविवारी." आणि पुढच्या रविवारी ती चर्चला गेली तेव्हा काळ्या कोटावर निळा रुमाल होता.

थँक्सगिव्हिंगला रायमुंड आला. टर्कीचा वास सोडून आधी बोळात गेला. टेओफिल त्याच्या मागं, ब्रोन्या टेओफिलच्या मागं. रायमुंडनं हातमोजा काढला आणि एका दरजेवर अंगठा दाबला. मग दुसऱ्या, मग अगदी खाली, जिथं थंडीच्या लाटेच्या दिवशी भरलं होतं तिथं. खिशातली किल्ली काढून ओढून पाहिली. किल्लीवर ओरखडा उमटला, दरजेवर काही नाही.

"धरलंय," रायमुंड म्हणाला. त्यानं हातमोजा घातला. "ठीक आहे, आई. राहा."

ब्रोन्यानं टेओफिलच्या पाठीवर एक थाप मारली, घोड्याला मारतात तशी, आणि टर्की बघायला आत गेली.

जेवताना रायमुंडनं घसा साफ केला. बेकरीत त्याच्याही कानावर आलं होतं. "काका, ते... लोक दुलईबद्दल काय बोलतात?"

टेओफिलनं तोंड उघडलं. ब्रोन्यानं त्याच्या ताटात मोठी तंगडी टाकली.

"काका जेवतायत," ती म्हणाली. "जेवणाऱ्याला प्रश्न विचारू नये."

घर विकलं गेलं नाही. ब्रोन्या तिथंच राहिली, आणि पायऱ्यांवर राख टाकू लागली. कुजबुज मात्र नाताळ उलटून गेला तरी थांबली नाही, कारण गेनोवेफाच्या पडद्याच्या भोकातून दुलई रोज तिन्हीसांजेला बोळात जाताना दिसत होती.

खरं इतकंच. दुलईखाली भिंत होती. टेओफिल रोज स्वतःच्या घरी, मोजे घालून, एकटा झोपत होता. भिंतीतला माल थँक्सगिव्हिंगलाच धरला होता; त्यानंतर दुलई बाहेर काढायची काहीही गरज नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.