लेकीची पहिली चढाई

माझी लेक शाळेच्या कबड्डी संघात आली, हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण तिला दमा आहे ना?"

"आहे की."

"आणि तरी शाळेनं घेतलं?"

"घेतलं! डॉक्टरांनीही हो म्हटलंय. शनिवारी मॅच आहे आणि तू येतेयस."

ताईला आश्चर्य वाटणारच. आमच्या घरात दमा पहिल्यांदा तिला झाला. बाबा कळंबोलीत एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरीला होते, आम्ही तिथेच राहायचो. लोखंडबाजारातून ट्रक सुटले की घासून ठेवलेल्या भांड्यांवरही करडी धूळ बसायची. ताईला धाप लागली की आई तिला उशा लावून बसवायची, छातीला तेल चोळायची. फारच वाढलं तर बाबा इंजेक्शनला न्यायचे. डॉक्टर बोलायचे ते बाबांशी. तुला नेमकं काय होतं, हे ताईला कुणी विचारलंच नाही. पुढे कुणीतरी पंप सुचवला तर सगळे घाबरले. एकदा लागला की सुटत नाही म्हणे! शेजारीपाजारी बोलायची तर बंदीच, कारण मुलीचं लग्न जमायचं होतं. शाळेत खेळाच्या तासाला ताई वर्गात बसून सगळ्यांची दप्तरं राखायची.

माझ्या लेकीचा दमा ती दुसरीत असताना कळला. तिच्या डॉक्टर वयाने माझ्याहून लहान. त्यांनी मला एका बाजूला बसवलं, स्वतःची खुर्ची लेकीसमोर ओढली आणि विचारलं, "आता त्रास होणार, हे तुला कसं कळतं?"

लेक विचार करून म्हणाली, "गळ्याखाली मांजर गुरगुरतं."

"मग ते गुरगुरायला लागलं की लगेच पंप घ्यायचा आणि जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं. जमेल?"

तिने मान डोलावली. मी बघतच राहिले. माझ्या सात वर्षांच्या मुलीशी डॉक्टर तिच्याच आजाराबद्दल बोलत होत्या!

शाळेचं मात्र तसं नव्हतं. पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवायचा, असा नियम होता. लेक सातवीत गेली आणि एकदा मधल्या सुट्टीत तिला धाप लागली, तेव्हा किल्ली असलेले क्लार्क जेवायला गेले होते. शिपाईमावशी धावत जाऊन त्यांना घेऊन आल्या म्हणून निभावलं. त्यानंतर पीटीच्या सरांनी तिला मैदानावर यायलाच मनाई केली.

त्या संध्याकाळी मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "आणखी कुणाच्या मुलांना दमा आहे का?" ग्रुपवर एकदम शांतता. पण मला वेगळे मेसेज येऊ लागले. "आमच्याकडे पण आहे, ग्रुपवर नको सांगू." "माझा मुलगा तर पंप घरीच ठेवतो, मुलं हसतात म्हणून." मला हुरूपच आला. आम्ही आया सोसायटीच्या बागेत भेटलो, डॉक्टरांना सोबत घेतलं आणि मुख्याध्यापिकांकडे गेलो. लेक हट्टाने बरोबर आली.

मॅडम म्हणाल्या, "औषध मुलांच्या हातात कसं द्यायचं? जबाबदारी आमची असते."

मी काही बोलायच्या आतच लेक म्हणाली, "मॅडम, चष्मा लागलेल्या मुलांचा चष्मा ऑफिसात ठेवतात का?"

मॅडमनी स्वतःचा चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं आणि हसल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "आमच्या शिक्षकांना हे सगळं शिकवाल?"

डॉक्टर शिकवायला आल्या. पंप दप्तरात आले, एक जादा पंप सरांच्या खेळाच्या पिशवीत गेला. सरांनीच विचारलं, "मग ही खेळू शकते?"

"रोजचं औषध नीट चालू आहे, खेळाआधीचा पंप घेतला की खुशाल खेळू दे."

शनिवारी ताई करंजाडेहून आली ती मॅच सुरू व्हायच्या कितीतरी आधी. लेकीने सगळ्यांसमोर पंप घेतला, चूळ भरली आणि बेंचवर बसली. उत्तरार्धात सरांनी तिला आत पाठवलं. चढाई तिची! "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" म्हणत ती मध्यरेषा ओलांडून गेली आणि ताईने माझा दंड असा आवळला की वळ उठले. समोरच्या मुलींनी तिला कोपऱ्यात घेतलं. एकीने घोटा धरला. लेक पडली, पण तोंडातला आवाज तुटला नाही. सरपटत, हात ताणून तिने रेषेला बोटं टेकवली. मैदानावर नुसता कल्ला! मी उड्या मारत होते. ताई रडत होती, ओरडत होती, अनोळखी बायकांना सांगत होती, "आमची आहे ती, आमची!"

आमचा संघ शेवटी एका गुणाने हरला. लेक घामाने निथळत, पाय आपटत आमच्याकडे आली. "मावशी, शेवटच्या चढाईत माझा पाय बाहेर गेलाच नव्हता! पंचांनी उगाच बाद दिलं!"

"मी पाहिलंय ना," ताई म्हणाली, पदर खोचला आणि तरातरा पंचांकडे निघाली. तिला आवरायला मी मागून धावले.