घरात अल्सरच सांगितलाय

दुर्बीण पुढे जाईना. मोठ्या आतड्यातल्या गाठीने निम्म्याहून जास्त वाट अडवली होती. मी कोलोनोस्कोपी करत होते, म्हणजे गुदद्वारातून कॅमेरा घालून मोठं आतडं आतून पाहत होते. मी बायोप्सीसाठी गाठीचा तुकडा घेतला आणि थांबले.

पेशंट धायरीचे अरविंदराव, पंचावन्न वर्षांचे, एकटे. वर्षभर शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध आहे, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. पुण्यात मूळव्याधीच्या निदानाला डॉक्टर लागत नाही, कट्ट्यावरचा मित्र पुरतो. वजन उतरलं, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा त्यांच्या विधवा वहिनींनी त्यांना माझ्या कोथरूडच्या क्लिनिकमध्ये ओढून आणलं.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. दोघं समोर बसले होते.

"घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता?"

"छे हो. थोरला भाऊ गेला, पण तो अल्सरनं."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "अल्सर नव्हता, भाऊजी. हेच होतं. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मनीषाचं लग्न ठरवत होतो. कॅन्सर म्हटलं असतं तर एक स्थळ टिकलं नसतं. ह्यांनासुद्धा शेवटपर्यंत अल्सरच सांगितला."

अरविंदराव त्यांच्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "मला तरी सांगायचं होतं, वहिनी."

मला संताप आला होता. हा कॅन्सर बहुतेकदा पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या बारीकशा कोंबापासून सुरू होतो. त्याचा कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. तोवर सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो. म्हणून सख्ख्या नात्यात कुणाला झाला असेल, तर काही त्रास नसतानाही चाळिशीतच, कधी त्याआधीही तपासून घ्यायचं असतं. अरविंदरावांच्या हाताशी तेवढी वर्षं होती. ती अल्सरच्या नावाखाली गेली.

ऑपरेशन झालं, पण कॅन्सर लिव्हरमध्ये पोचला होता. दिवाळीच्या आत ते गेले.

नंतर वहिनी भेटायला आल्या, खूप रडल्या. त्यांनी या दिराला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. मलाही वाईट वाटलं, पण विचारणं भाग होतं.

"मनीषाला कधी आणताय? चाळिशी आली ना तिची?"

"तिला काय सांगून आणू? वडील अल्सरनं गेले, एवढंच तिला माहीत आहे. तिच्या सासरीही तेच."

"आणि काका कशानं गेले म्हणून सांगितलंत?"

"अल्सर."

घरातले आजार पेशंटला विचारावेत, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. ते पेशंटला ठाऊक असतील, असं मात्र कुणी सांगत नाही. मनीषा अजून आलेली नाही.