दोरसानीचं भांडं

सिरोंच्याच्या बंगल्यात आम्ही राहायला गेलो तेव्हा चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. माझे यजमान जंगल खात्यात रेंजर. बंगला गोऱ्या साहेबांच्या वेळचा, गावापासून बाजूला, सागाच्या झाडांत. मागच्या व्हरांड्यातून नदीचं पात्र दिसायचं, आणि पलीकडच्या काठावरून तेलुगू हाका ऐकू यायच्या.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. घरात सगळे त्यांना माय म्हणत, मीही म्हणे. त्या ब्रह्मपुरीकडच्या. विधवा झाल्यावर धानाची शेती बांधावर उभं राहून करवून घेतलेली बाई. त्या वर्षी पोळ्यानंतर त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात राहिला. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला तसाच पडून राहायचा. आधार दिला तर पाय ओढत चार पावलं टाकत.

उजवा हात वाचला हे मला नशीब वाटत होतं. माय त्या हाताकडे बघून रडायच्या. का, ते मला उमगेना. मग त्यांचं जेवण कमी झालं. भात पुढे ठेवला की दोन घास घेऊन ताट सरकवायच्या. पाणी तर जवळजवळ सोडलंच. गालफडं बसली, आवाज खोल गेला.

एकदा मी हट्टच धरला. "माय, का जेवत नाही तुम्ही? काय होतंय?"

"खाल्लं का जावं लागते," त्या म्हणाल्या. "अन् गेल्यावर तुले हात लावावा लागते. माहा डावा हात त मेला. उजव्या हातानं देवाले फूल वाहाचं, त्याच हातानं ते कसं करू? तूच सांग."

मी त्यांना धुवत होते, त्यात मला काही वाटत नव्हतं. पण त्या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून बसत, हे मी रोज पाहिलं होतं. त्या दिवशी मला कळलं की ही बाई उपाशी मरेल, पण हे सहन करणार नाही.

न्हाणीघर बंगल्याच्या मागच्या टोकाला होतं. एका कोपऱ्यात बैठकीला भोक पाडलेली लाकडी खुर्ची, तिच्याखाली पत्र्याचं भांडं. त्यावरच माय बसत. दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीत पक्कं बसवलेलं एक पांढरं चिनीमातीचं भांडं होतं. लांबट, गुडघ्याएवढं उंच, तळाशी बारीक भोकांची जाळी. कशाचं ते आम्हांला ठाऊक नव्हतं. मी आल्या आल्या त्यात कपडे भिजवले, तर चौकीदाराच्या बायकोनं ते उचलून बाहेर नेले. "त्यात नाई ठेवाचं, अम्मा," एवढंच म्हणाली.

मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई मायला बघायला येत. एकदा मी त्यांना न्हाणीघरात नेलं आणि आमची अडचण सांगितली. त्या भांडं बघून दचकल्याच.

"बिडे! इथं?" मग त्यांनी समजावलं. विलायतेकडे बायका यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतात. जाळीतून पाणी वर उडतं. हात न लावता स्वच्छ.

हात न लावता! मला वाटलं, देवच पावला.

नर्सबाईंनी मान हलवली. "हे नाही चालणार. एकदा खुर्चीवर बसायचं, मग उठून इथं यायचं, पाय फाकून खाली बसायचं. पडतील त्या. दुसरी तऱ्हा म्हणजे नळी हातात धरायची. आमच्याकडे बाळंतिणींना देतो. पण यांना एकच हात. तो खुर्चीला धरायला लागेल. तिसरी तऱ्हा चांगली. खुर्चीलाच खालून तोटी बसवा. बसल्या जागी पाणी आलं पाहिजे. उजव्या हातानं नुसती चावी फिरवायची."

संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं. ते जरा संकोचले. आईच्या बाबतीत असलं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी डेपोवरच्या सुताराला घेऊन आले. रॉकेलचा डबा घासून त्याच्या तळाशी भोक पाडलं, डबा भिंतीवरच्या फळीवर ठेवला, दवाखान्यातून आणलेली रबरी नळी त्याला जोडली, नळीत मधे पाणी सोडायची चावी बसवली आणि नळीच्या टोकाला पितळेची वाकडी तोटी लावून ती बैठकीच्या भोकाला मागच्या बाजूनं बसवली. सुताराला पुढून बसवायची होती. नर्सबाईंनी निरोप धाडला की मागूनच, पुढून असली तर बसता-उठता लागेल. चावी उजव्या हाताशी आली.

आधी मी स्वतः बसून बघायचं ठरवलं. दुपारची वेळ. बंबातलं कोमट पाणी डब्यात ओतलं, दार लावलं, बसले आणि चावी फिरवली. पाणी असं उसळलं की पाठीपर्यंत लुगडं भिजलं. डबा फार उंच लागला होता. मी घाईनं चावी बंद केली.

पाणी थांबलं. पण पाण्याचा आवाज थांबला नाही.

कोपऱ्यातल्या भांड्याकडून येत होता. आधी वरून कोणी बादली ओतावी तसा, मग बारीक झुळझुळ. मी उठून जवळ गेले. भांडं कोरडं ठणठणीत, जाळीवर धूळ. भिंतीतला नळ कधीच गंजून तुटला होता. मी दार उघडून ओल्या लुगड्यानिशीच अंगणात आले.

चौकीदाराची बायको धान पाखडत होती. माझा चेहरा बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"वाजलं का अम्मा?"

मग तिनं सांगितलं. तिची सासू या बंगल्यात आया होती. साहेबाची बायको, तिला सगळे दोरसानी म्हणत, बाळंत झाली ती नीट उठलीच नाही. मूल गेलं. तिला शेकाय-धुवायला साहेबानं हे भांडं बोटीतून, बैलगाडीतून मागवलं. छपरावर टाकी होती. आया शिडीवर चढून टाकीत पाणी ओतायची, खाली ते वर उडायचं. दोरसानी दार लावून तासन्‌तास त्यावर बसायची. एक दिवस आया ओतत राहिली, ओतत राहिली. आतून थांब म्हणेना कोणी. दाराखालून पाणी अंगणात आलं तेव्हा आत जाऊन पाहिलं. भिंतीला टेकून दोरसानीनं बसल्या जागीच मान टाकली होती.

"माही सासू मरेपर्यंत सांगे," ती म्हणाली, "मी मेल्या बाईवर पाणी ओतून राह्यलो होतो."

मी घरात हे बोलायला नको होतं की हवं होतं, ठाऊक नाही. यजमानांना सांगितलं. ते चिडले, पण दुसऱ्या दिवशी पहार घेऊन माणूस बोलावला. भांडं उखडून नदीत टाकायचं म्हणाले. माय व्हरांड्यात बसून सगळं ऐकत होत्या.

"काऊन काढता?" त्या म्हणाल्या.

"माय, ते चांगलं नाई," यजमान म्हणाले. "इथी एक बाई मेली."

"मले मालूम हाय. मी ऐकतो ना रोज." त्यांनी उजवा हात वर करून पहारवाल्याला थांबवलं. "राहू दे त्याले. तिची जागा हाय ते. आपण मागून आलो."

पहारवाला परत गेला.

डबा खाली घेतला, पाण्याची धार बेताची झाली. पहिल्या दिवशी मी मायला खुर्चीवर बसवून दाराबाहेर उभी राहिले. चावीचा कुरकुर आवाज आला, पाणी आलं, थांबलं. बराच वेळ काहीच नाही. मी दाराला कान लावला. हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी बोलावलं. पदर सावरून, ताठ बसल्या होत्या. डोळे उघडे होते.

त्या रात्री त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. यजमान ताटावरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मी वाढत राहिले.

पुढे पुढे त्या आत जास्त वेळ लावू लागल्या. दाराबाहेरून मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं, हळू, शेजारणीशी बोलावं तसं. "तुहं पोरगं होतं का पोरगी?" असं एकदा स्पष्ट ऐकलं. मधे थांबायच्या, मग "हो का," म्हणायच्या. चावी बंद असताना झुळझुळ चालू असायची. मला भीती वाटत होती, आज सांगते. पण माय जेवत होत्या, अंग धरत होत्या, काठी घेऊन अंगणापर्यंत येत होत्या. मी कोणाला काय म्हणणार?

जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच सुमारास आमची बदली चांद्याला झाली. खुर्ची, डबा, नळी, सगळं ट्रकमध्ये घातलं. नव्या क्वार्टरमध्ये नळ होता, पांढराशुभ्र चुना दिलेलं न्हाणीघर होतं. यजमानांनी तोटी थेट नळाला जोडून दिली. पहिल्या दिवशी माय आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"पाणी नीट येत नाही का?" मी विचारलं.

"येते. चांगलं येते." त्या काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. "पण इथी कोणीच नाई."

त्या दिवसापासून त्यांचं जेवण पुन्हा कमी होऊ लागलं. मग मीच दाराबाहेर पाट टाकून बसायला लागले. आतून त्या बोलायच्या, मी हुंकार द्यायची, आणि ताट पुन्हा रिकामं व्हायला लागलं. त्या आणखी काही वर्षं जगल्या. त्या बोलण्यातलं सगळंच माझ्यासाठी नसायचं, एवढं मला कळत होतं. तरी मी हो म्हणत राहिले.